गोदीतील तरुण मिशनरीचा दिवस : जहाजावरच्या माणसांमध्ये काम करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेले 23 वर्षांचे तरुण आहात. पुढील दोन वर्षे मुंबईच्या बंदरात येणाऱ्या जहाजांवरील खलाशांमध्ये मिशनरी सेवक म्हणून काम करण्यासाठी तुमची नेमणूक झाली आहे. रोजचा दिवस कसा जातो, इतक्या देशांच्या, भाषांच्या आणि धर्मांच्या लोकांशी बोलायचे कसे, प्रभूविषयी केव्हा बोलायचे आणि रविवारचे काय, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी मुंबई बंदरात आणि न्हावा-शेव्यात बरीच वर्षे जहाजभेटीचे काम करीत आलो आहे आणि नव्या सेवकांना सोबत घेऊन ते शिकवतोही, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण बाकीचे सारे तिच्यातूनच निघते. जहाज ही कामाची जागा आहे आणि त्याच वेळी तिथल्या वीस-पंचवीस माणसांचे राहते घरही आहे. तिथेच ते काम करतात, तिथेच जेवतात, तिथेच आजारी पडतात, आणि ज्याच्याशी सकाळी वाद झाला त्याच्याच समोर बसून रात्री जेवतात. त्या घरात आपण आमंत्रणाशिवाय जातो. केव्हा जावे, कुठे बसावे, काय विचारावे आणि केव्हा उठावे, याचे भान ज्याला आहे त्याला कोणत्याही देशाच्या माणसाशी बोलताना फारशी अडचण येत नाही. ज्याला ते भान नाही, त्याने दहा देशांच्या चालीरीती पाठ केल्या तरी त्यांचा उपयोग होत नाही.

दिवसाची सुरुवात कोणत्या धक्क्याला कोणते जहाज लागले आहे हे पाहण्यापासून होते. मुंबई बंदरातील इंदिरा डॉक ही दरवाजे असलेली गोदी आहे. 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक या नावाने ती सुरू झाली. जहाजांची ये-जा तिथे भरतीच्या वेळा पाहून होते, त्यामुळे जहाज सकाळी येणार की सायंकाळी, हे भरती ठरवते. पोलाद, मोटारगाड्या आणि सुटा माल नेणारी जहाजे इथे काही दिवस थांबतात, म्हणून एकाच जहाजावर दोनदा जाता येते आणि खरी ओळख बहुधा दुसऱ्या भेटीत होते. 1989 मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेव्याच्या बंदरात याच्या उलट स्थिती असते. तिथली कंटेनर जहाजे पुष्कळदा एका दिवसाच्या आतच निघून जातात, आणि त्या तासांत जहाजावरचा प्रत्येक जण कामात किंवा झोपेत असतो. जवाहर द्वीपावरील तेलवाहू जहाजांवर जाणे फार थोड्या वेळा साधते. म्हणून एका दिवशी एकाच बंदराचा बेत करा. मुंबईच्या गोदीसाठी मस्जिद किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशनवर उतरून चालत जाता येते. न्हावा-शेव्यासाठी जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत लोकल सुरू झाल्यामुळे मोठी सोय झाली आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणारी लाँचही आहे, मात्र पावसाळ्यात तिच्यावर विसंबू नका. तुमच्याकडे मोटारसायकल असेल तर अटल सेतूवर दुचाकीला परवानगी नाही, हेही लक्षात ठेवा.

बंदराच्या फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तुमचा पास तपासतील. जुन्या काळी मिशनरी मंडळी गोदीत सहज फिरत असत, असे तुम्ही ज्येष्ठांकडून ऐकाल. 1 जुलै 2004 पासून जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले आणि ते दिवस संपले. याबद्दल कुरकुर करू नका. सुरक्षेचे नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या सेवकालाच जहाजावरचे लोक गंभीरपणे घेतात. हेल्मेट, जाड तळव्याचे सुरक्षा बूट आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट याशिवाय धक्क्यावर पाऊल ठेवू नका. क्रेनखालून कधीही जाऊ नका. गँगवे, म्हणजे जहाजावर जाण्याची शिडी, चढताना दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवी घ्या. वर पोचल्यावर पहाऱ्यावरच्या खलाशाला नाव सांगा, ओळखपत्र दाखवा, नोंदवहीत सही करा आणि ड्यूटीवरील अधिकाऱ्याची परवानगी येईपर्यंत तिथेच थांबा. राहण्याच्या भागात शिरताना दाराशी बूट काढलेले दिसले तर आपलेही काढा. परवानगीशिवाय एकही फोटो घेऊ नका.

वेळेची निवड हे या कामातले अर्धे कौशल्य आहे. जहाजावर चार तास पहारा (कामाची पाळी) आणि आठ तास विश्रांती असे चक्र बहुतेक ठिकाणी चालते, म्हणजे दिवसाच्या कोणत्याही क्षणी कोणीतरी झोपलेले असते. सकाळी दहाची आणि दुपारी तीनची चहा-कॉफीची सुट्टी, दुपारचे जेवण आणि सायंकाळी पाचनंतरचा वेळ हे भेटीचे चांगले प्रसंग आहेत. मेसरूममध्ये, म्हणजे जेवणाच्या खोलीत, जाऊन बसा, केबिनच्या दारावर थाप मारू नका. स्वयंपाक्याशी आधी बोला. तो सर्वांना रोज पाहतो, कोणाचे जेवण कमी झाले आहे आणि कोण कोणाशी बोलत नाही हे त्याला ठाऊक असते, आणि त्याच्या कामाची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

पहिला प्रश्न तुम्हाला इंटरनेटचा विचारला जाईल. त्यानंतर औषधाचे दुकान, पैसे घरी पाठवण्याची सोय, फोन दुरुस्ती आणि क्रॉफर्ड मार्केटला जायला किती वेळ लागतो, असे प्रश्न येतील. आपण मोठ्या उद्देशाने घरून निघालो आणि इथे फोनच्या रिचार्जचेच काम करतो आहोत, असे नव्या सेवकाला वाटू लागते. माझे ठाम मत असे आहे की, तीन आठवड्यांनी मुलीचा चेहरा पाहणाऱ्या बापाला अर्धा तास अखंड व्हिडिओ कॉल मिळवून देणे ही आपल्या कामाची पूर्वतयारी नसून प्रत्यक्ष कामच आहे. खिशात मावणारी वायफायची डबी नेहमी चार्ज करून न्या. एखादी गोष्ट जमणार नसेल तर लगेच नाही म्हणा. जहाज सुटल्यावर तुम्हाला शब्द पाळता येत नाही, आणि न पाळलेला शब्द पुढच्या बंदरापर्यंत जातो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. मुंबईत तुम्हाला सर्वाधिक भेटणाऱ्यांत फिलिपिन्सचे लोक असतील. ते बहुतांशी कॅथलिक आहेत, मोकळेपणाने बोलतात, गातात आणि जेवल्याशिवाय तुम्हाला सोडत नाहीत. दिलेले जेवण नाकारू नका, थोडे घ्या. त्यांच्याकडे नाताळची चाहूल सप्टेंबरपासूनच लागते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये मेसरूममध्ये दिवे लागलेले दिसले तर नवल वाटू देऊ नका. मुंबईत त्यांना एक ठिकाण आवर्जून दाखवावे, ते म्हणजे माहीमचे सेंट मायकल चर्च. तिथे दर बुधवारी निरंतर साहाय्य मातेची (मेरीमातेची) नोव्हेना, म्हणजे विशेष प्रार्थना, असते आणि तिला सर्व धर्मांचे मुंबईकर येतात. मनिलाजवळच्या बाक्लारान येथेही याच मातेची नोव्हेना बुधवारीच होते, आणि दोन्हीकडे ही प्रथा 1948 पासून सुरू आहे. शोअर पास, म्हणजे किनाऱ्यावर उतरण्याची परवानगी, मिळालेला खलाशी बुधवारी माहीमच्या रांगेत उभा राहतो तेव्हा त्याला आपण परक्या शहरात आहोत असे वाटत नाही. तुम्ही प्रोटेस्टंट आहात म्हणून त्याला तिथे घेऊन जाण्यात संकोच बाळगू नका. तो त्याची प्रार्थना करील, तुम्ही तुमची करा.

इंडोनेशियाचे, सीरियाचे आणि इजिप्तचे खलाशी बहुधा मुसलमान असतात. रमजानच्या दिवसांत दुपारी मेसरूममध्ये जाऊन चहा मागणे टाळा आणि इफ्तारनंतर जा. त्यांच्यासाठी खाऊ नेणार असाल तर तो हलाल आहे याची खात्री करून घ्या. म्यानमारचे लोक बहुतेक बौद्ध आहेत. ते हळू बोलतात, आणि त्यांच्यात डोक्याला हात लावणे अनादराचे मानले जाते, म्हणून आपल्याकडे धाकट्याच्या डोक्यावर प्रेमाने हात ठेवतात तसे करू नका. चिनी जहाजांवर भाषेची अडचण अधिक येते. तिथे फोनवरील भाषांतराचा आधार घ्या, पण वाक्ये लहान ठेवा. युक्रेनी आणि रशियन अधिकारी सुरुवातीला रुक्ष वाटतात, मात्र त्या शांतपणाला नाराजी समजू नका. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतरही या दोन देशांची माणसे कित्येकदा एकाच जहाजावर काम करतात. त्यांच्यासमोर युद्धाविषयी मत मांडू नका आणि बातमीही विचारू नका. घरची माणसे कशी आहेत, एवढेच विचारावे आणि तेही समोरचा एकटा असताना. नाताळच्या शुभेच्छा देतानाही सावध राहा. रशियन चर्च 7 जानेवारीला नाताळ साजरा करते, तर युक्रेनने 2023 पासून 25 डिसेंबरची अधिकृत सुट्टी स्वीकारली आहे, आणि कोणत्या दिवशी शुभेच्छा घ्यायच्या हा आता त्यांच्यासाठी जिव्हाळ्याचा विषय झाला आहे.

हे सारे सांगितल्यावर एक इशाराही देतो. देशावरून माणूस ओळखण्याची घाई करू नका. अनुभवाने मला असे दिसले आहे की, जहाजावर देशापेक्षा हुद्दा आणि समुद्रावर घालवलेले महिने माणसाविषयी अधिक सांगतात. पहिल्याच सफरीवर निघालेला बिहारचा डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) आणि पहिल्याच सफरीवर निघालेला मनिलाचा कॅडेट यांच्यात जितके साम्य असते, तितके त्या कॅडेटचे आणि त्याच्याच गावच्या कॅप्टनचे नसते. म्हणून ‘तुम्ही कोणत्या देशाचे’ यापेक्षा ‘जहाजावर येऊन किती महिने झाले’ हा प्रश्न आधी विचारा. उत्तर आठ किंवा नऊ महिने असे आले तर बोलणे थांबवून ऐकायला बसा. कोविडच्या काळात, 2020 च्या अखेरीस, सुमारे 4 लाख नाविक करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते, असे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने म्हटले होते. त्या वेळी आम्हाला वर चढता येत नव्हते, सामान गँगवेच्या पायथ्याशी ठेवून वरच्या माणसांशी हातवारे करून बोलावे लागे. त्या अनुभवातून गेलेले लोक आजही तुम्हाला भेटतील, आणि ते आपणहून तो विषय काढतील असे नाही.

आपल्याच देशाच्या खलाशांना गृहीत धरू नका. उत्तर प्रदेश, बिहार, तमिळनाडू, केरळ, गोवा, लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेट, आणि अर्थात आपले रत्नागिरी व रायगड, इथली मुले तुम्हाला भेटतील. कोकणातील कितीतरी मुसलमान घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या पुरुष बोटीवर जात आले आहेत. एखाद्या परदेशी झेंड्याच्या जहाजावर बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) तुमच्याशी अस्सल कोकणी ढंगाच्या मराठीत बोलू लागला तर त्याच्यासाठी जास्तीचा वेळ काढा. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या 2 हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. कामाच्या पहिल्याच महिन्यात तिथे जा आणि नावे वाचा. आपण ज्यांच्यात काम करतो त्यांचा या शहराशी किती जुना आणि किती महागात पडलेला संबंध आहे, हे तिथे समजते.

प्रभूविषयी केव्हा बोलायचे, हा तुमच्या पत्रातला सर्वांत कळकळीचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर आडपडदा न ठेवता देतो. जहाजावर धर्मप्रसार करायचा नाही, हा ख्रिस्ती नाविकसेवेत काम करणाऱ्यांचा मान्य नियम आहे आणि मी तो मनापासून मानतो. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराने किनाऱ्यावरील कल्याणसेवा वंश, लिंग, धर्म किंवा राष्ट्रीयत्व न पाहता सर्व नाविकांना खुल्या असाव्यात असे ठरवले आहे, आणि भारतानेही तो करार 2015 मध्ये स्वीकारला आहे. नियमापलीकडचे कारण मात्र मला अधिक मोलाचे वाटते. जहाजावरच्या माणसाला उठून जाता येत नाही. ज्याला नकार देऊन निघून जायला जागा नाही, त्याच्यासमोर उपदेश करणे म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घेणे आहे. आपल्या प्रभूने कोणालाही कोंडून ऐकवले नाही. तुमच्या श्रद्धेविषयी कोणी विचारले तर संकोच न करता, सरळ आणि थोडक्यात सांगा. कोणी प्रार्थना मागितली तर तिथेच, उभ्याउभ्याही करा. बायबल त्यांच्या भाषेत हवे असेल तर मिळवून द्या. आणि हिंदू खलाशांनी गणेशोत्सवासाठी लहान मूर्ती कुठे मिळेल असे विचारले, किंवा मुसलमान खलाशांनी जवळची मशीद विचारली, तर तितक्याच आस्थेने मदत करा. यामुळे आपल्या श्रद्धेची साक्ष उणी होते असे तुम्हाला कोणी सांगेल. मला तसे अजिबात वाटत नाही.

जहाजावर मृत्यू झाला असेल तर उरलेले लोक पुष्कळदा केबिन आणि काम करण्याची जागा यांच्यासाठी आशीर्वादाची प्रार्थना मागतात. ती करण्याआधी गेलेला माणूस कोणत्या धर्माचा होता हे विचारा, आणि तो आपल्या धर्माचा नसेल तर त्याच्या धर्माच्या जाणत्या माणसाला बोलावण्याची तजवीज करा. अशा वेळी ज्येष्ठ सेवकाला सोबत घेतल्याशिवाय जाऊ नका.

सर्वांत अवघड प्रसंग तक्रारींचा असतो. पगार थकला आहे, करार संपूनही घरी पाठवत नाहीत, अन्न निकृष्ट आहे किंवा अधिकारी मारहाण करतो, असे कोणी तुम्हाला हळूच सांगेल. ऐकताना चेहरा शांत ठेवा आणि तिथल्या तिथे कॅप्टनकडे जाऊ नका. तक्रार कोणी केली हे कळले तर त्या माणसाला पुढे काम मिळणे कठीण होते, त्यामुळे त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय त्याचे नाव कोणालाही सांगायचे नाही, तुमच्या प्रार्थनासभेतही नाही. मात्र त्याचे हक्क तुम्हाला माहीत असले पाहिजेत. मालकाने परतीच्या प्रवासाचा खर्च केला नाही, अन्न-पाणी आणि औषधोपचार पुरवले नाहीत, किंवा नाविकांशी संबंध तोडून किमान दोन महिन्यांचे वेतन बुडवले, तर सागरी कामगार करारानुसार ते नाविक वाऱ्यावर सोडलेले ठरतात. जानेवारी 2017 पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अशा प्रसंगासाठी विमा किंवा तत्सम आर्थिक हमी असावी लागते. तीत चार महिन्यांपर्यंतचे थकीत वेतन आणि घरी परतण्याचा खर्च येतो. त्या हमीचे प्रमाणपत्र जहाजावर दर्शनी जागी लावलेले असावे लागते आणि त्यावर संपर्काची माहिती असते. पुष्कळ खलाशी रोज त्या कागदासमोरून जातात, पण त्याचा उपयोग त्यांना कोणी सांगितलेला नसतो. तो कागद त्यांना दाखवणे हे तुमचे काम आहे. यापुढचे काम आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाचे निरीक्षक, नाविकांच्या संघटना आणि मुंबईतच असलेले नौवहन महासंचालनालय (जहाजवाहतुकीवर देखरेख करणारे सरकारी कार्यालय) यांचे आहे. आपण वकील नाही आणि तसा आव आणू नये. पण जहाज किनाऱ्यापासून दूर नांगरावर उभे असेल आणि महिने सरत असतील, तर रोज एक फोन करणे, पिण्याचे पाणी आणि तांदूळ पोचवण्याची परवानगी मिळवण्यासाठी कचेऱ्यांत पुन्हा पुन्हा जाणे आणि घरच्यांना खरी स्थिती कळवणे हे आपण करू शकतो, आणि पुष्कळदा ते दुसरे कोणी करीत नाही.

याला जोडूनच एक विनंती. तुमच्या गावाकडची मुले मर्चंट नेव्हीत जाण्याविषयी तुम्हाला नक्की विचारतील. नोकरी लावण्यासाठी लाखो रुपये मागणारा एजंट हा फसवणारा असतो, हे त्यांना ठणकावून सांगा. नाविकाकडून भरतीचे शुल्क घेण्यास सागरी कामगार करारानेच मनाई केली आहे, आणि भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो.

भेटवस्तूंविषयी थोडेच सांगतो. मद्य, रोख रक्कम आणि बंद पाकिटे यांची देवाणघेवाण कोणत्याही कारणाने करू नका. कोणी मोबाइल, सिगारेट किंवा परकीय चलन विकायला दिले तर हसून परत करा.

रविवारचे उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. माल रविवारीही उतरतो, म्हणून आठवड्याची उपासना सोडून तुम्हाला गोदीत जावे लागेल असे रविवार येतील. त्याऐवजी आठवड्यातला दुसरा एक दिवस पूर्ण सुट्टीचा ठेवा आणि तो मोडू नका. मुंबईत मराठी मंडळ्या पुष्कळ आहेत, त्यांपैकी एकीत नाव नोंदवा आणि निदान सायंकाळच्या प्रार्थनेला जात राहा. दिवसभर दुसऱ्यांचे दुःख तुटक्या इंग्रजीत ऐकणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत गायची आणि आपले ओझे कोणाला तरी सांगायची गरज असते. पहिले काही महिने एकट्याने जहाजावर चढू नका. रोज रात्री जहाजाचे नाव, भेटलेल्या माणसांची आठवण राहील एवढीच नोंद आणि दिलेला शब्द वहीत लिहा, मात्र तक्रारींतली नावे त्या वहीत नकोत. बंदराच्या पाससाठी लागणारा पोलीस पडताळणीचा दाखला मिळायला वेळ जातो, तेव्हा त्याचा अर्ज गावाहून निघण्यापूर्वीच करा.